पदर आत गेलेली घडी
परवा बायकोनं नवी सुती साडी उलगडली आणि खळीच्या वासानं मला सीताबर्डीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानातला एक जुना दिवस आठवला. काविळीमुळे चार महिने घरी काढून मी कामावर परतलो होतो. सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे वागत होते. पाठीला तक्क्या दिला, पंखा माझ्याकडं वळवला, साड्यांचा गठ्ठा उचलायला गेलो की कोणीतरी हातातून काढून घ्यायचं. आता आपली इथं गरज उरली नाही, असं मला वाटायला लागलं. दुपारी गर्दी वाढली, तेव्हा कोणाला न विचारता मी एका साडीची घडी घातली. घडीत पदर वर ठेवायचा असतो, माझा आत गेला. आमचे सगळ्यात जुने, तिरसट सेल्समन भर गिऱ्हाइकांत ओरडले, "काहून गा, झोपेत आहे काय? पदरच नाही दिसला तं गिऱ्हाईक साडी घेईन काय? खोल, पुन्हा घाल!" मी साडी उलगडून पुन्हा घडी घातली. चार महिन्यांत माझ्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. काविळीनंतर पहिल्यांदाच मला एकदम कडकडून भूक लागली. आज त्यांच्या जागेवर मी बसतो. आजारपणातून कोणी कामावर परतलं, की दुपारपर्यंत त्याची एक तरी चूक शोधून काढतोच.