पैठणच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर

मामेभावाचा सकाळीच फोन आला. "दादा, अण्णा आज भानावर हायेत. सगळ्यांना नावानं हाक मारतायत. दुपारी आम्ही त्यांना घेऊन पुण्याला निघतोय, लवकर या." अण्णा म्हणजे माझे मामा. जन्म हातमागावर पैठण्या विणण्यात गेला, आता मात्र माणसं विसरायला लागलेत. मी आणि बायको सुनंदा लगेच निघालो.

संभाजीनगरहून पैठण तासा-दीड तासावर. बस भरपूर आहेत, आणि ब्लॉग वाचणाऱ्यांनो, खरं सांगतो, बसनंच जा. नाश्ता मात्र शहरातच उरका.

चितेगावजवळ डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी शेंद्र्याच्या कारखान्यात भट्ट्यांचे ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो, त्यामुळे रोग ओळखायला वेळ लागला नाही. सुनंदा म्हणाली, "गाडी चालतीय ना? मग चला की!"

मी ऐकतोय होय! रस्त्याकडेच्या हमीदभाईंच्या गॅरेजात गाडी घातली. त्यांनी मशीन लावून बघितलं. "सेन्सरच है भाई. पेट्रोल जरा जादा पिएगी, बस. पैठण करून या, येताना बघू."

बरोबरच होतं त्यांचं. मलाही ठाऊक होतं. पण चुकीचा आकडा दाखवणारा सेन्सर मला बघवत नाही.

सुनंदाला समजावत बसलो. सायलेन्सरच्या पाइपात झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते. बाहेरून तिला इंजिनचा धूर लागतो, आत साधी हवा असते. टोपी चांगली तापली की ऑक्सिजनचे भारित कण तिच्यातून आरपार जातात. जिकडे ऑक्सिजन जास्त, तिकडून कमी असेल तिकडे. त्यातून थोडा व्होल्टेज तयार होतो. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधला फरक जितका मोठा, तितका व्होल्टेज जास्त. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते गाडी ठरवते. आतली साधी हवा येते वायरींच्या फटीतून, आणि कुणीतरी पाणी शिरू नये म्हणून तिथंच सिलिकॉन थापलं होतं. सेन्सरचा श्वासच कोंडला होता!

"समजलं," सुनंदा म्हणाली. "आता अण्णांकडं चला."

"झालंच गं, पाच मिनिटं!"

सिलिकॉन चिवट निघालं. गरम पाइपाला हात लागेना, गार होईपर्यंत थांबलो, खरवडलं, जोड साफ केला. मशीनच्या पडद्यावर व्होल्टेज पुन्हा वर-खाली व्हायला लागला तेव्हा मी लहान मुलासारखा खूश झालो. ब्लॉगसाठी फोटोसुद्धा काढला. हमीदभाईंनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

बिडकीनला भजी तळत होते, थांबलो नाही. पैठणला पोचलो तर अण्णांच्या दाराला कुलूप. शेजारच्या शबानाभाभी बाहेर आल्या.

"आत्ताच गेले शेवगावच्या रस्त्यानं. लई वाट बघितली तुमची. 'माझा संजू येतोय' म्हणत गाडीत बसायलाच तयार नव्हते."

सुनंदा जाऊन गाडीत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. धरणावर जाऊन आलो, पाणी चिक्कार होतं, पण कशात म्हणून जीव लागला नाही.

आता घरी आहे. गाडी झकास ॲव्हरेज देतेय आणि मला तिचा राग येतो. काल मामेभावाला फोन लावला, त्यानं तो अण्णांच्या कानाला धरला.

"अण्णा, मी संजू."

ते अगदी अदबीनं म्हणाले, "बोला साहेब. कोण पाहिजे आपल्याला?"