हीच मराठी बोलणार

फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरू लागलं की त्या वासाने तंजावरकडच्या मेलकावेरीतल्या आमच्या घरातली एक सकाळ आठवते. सॉफ्टवेअर विकण्याच्या नोकरीसाठी पुण्याचे एक साहेब व्हिडिओवर माझी मुलाखत घेत होते. मी आमच्या घरच्या तंजावरी मराठीत बोलले आणि ते हसलेच.

“ही कसली जुनाट मराठी? गिऱ्हाईक हसेल.”

शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मान खाली घातली. ते पाहून माझी भीती पळाली.

“सर, तमिळ मुलखात आम्ही ही पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. तमिळमध्ये विकीन, इंग्रजीत विकीन. मराठी मात्र हीच बोलणार.”

अप्पा हळूच म्हणाले, “बरें केलेंस.”

ती नोकरी हातची गेली. कितीतरी दिवस वाटायचं, तोंड आवरायला हवं होतं. आता दुसऱ्या कंपनीत मुलाखती मी घेते. तेव्हाच्या माझ्यासारखी मुलगी समोर आली, तर तिला तिथल्या तिथे नेमीन.