वडापावच्या भावात सुशी आणि मुके कावळे

अन्याय माझ्या किसनकाकांवर झाला. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, आमरण उपोषणाच्या पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी बरोबर बारा वाजता, ते धडधडीत जिवंत असताना अख्ख्या गावानं त्यांना मेलेलं ठरवलं. पत्रकं काढण्यात माझी हयात गेली आहे (वय सव्वीस), म्हणून आरोपीचं नावही पहिल्याच परिच्छेदात देतो : मी.

काका वेशीबाहेरच्या मांडवात बसले होते. मागणी एकच : उदगीर जिल्हा झालाच पाहिजे! त्या दुपारी साडेबाराला एक साहेब लेखी आश्वासन घेऊन येणार होते. कागद हातात पडला की काका घास घेणार. काकू मला रोज एकच विचारायची, "दिनू, माणूस माघारी देशील ना रे मला?"

उपोषण सुटतं मोसंबीच्या रसानं. त्या साली मोसंबीच्या बागांचं सरपण झालं होतं. पण काकांचा मुलगा सतीश हैद्राबादेत एका जपानी हॉटेलात सुशी करायला शिकलेला. सुशी म्हणजे आंबूस भाताचा बोटभर मुटका आणि वर कच्च्या माशाचा काप. तो सकाळच्या एसटीनं आला, सोबत बर्फाची पेटी. (गावात माणसाला प्यायला पाणी नाही, आणि मासा बर्फावर निजून आलेला!)

त्यानं पहिला मुटका मला भरवला. भात जिभेवर अलगद सुटला, मासा लोण्यासारखा विरला, आणि आतल्या हिरव्या जपानी चटणीनं नाकातून अशी झिणझिणी निघाली की मला जिल्हा झाल्यासारखंच वाटलं!

"सत्या, हे गरिबांना कामून मिळत न्हाई?"

"दादा, तिथं एसी, वेटर, भाडं. इथं काय हाय? तोच तांदूळ, तोच मासा, वडापावच्या भावात देतो की!"

मी तासाभरात पत्रक काढलं : 'जिल्हा येणार! अस्सल जपानी सुशी सामान्यांच्या ताटात येणार!' उपोषण सुटताच मांडवात सगळ्यांना वाटायची, असं ठरलं.

वीज नव्हती. भात वाऱ्यावर निवायला हवा, म्हणून काकांच्या अंगणात पत्रावळ्या मांडल्या. त्यावर ओळीनं पांढरे मुटके. मासा आयत्या वेळी ठेवायचा, म्हणून तोवर शोभेला वर काळे तीळ. हॉटेलच्या शिस्तीनं सतीशनं डोकं आणि मिशी सफाचट केलेली. उकाड्यानं अंगात सदरा नाही, कमरेला पांढरं फडकं. तोंड नेमकं दक्षिणेला!

आभाळ राखेसारखं होतं. पान हलत नव्हतं. तळं आटल्यापासून गावात कावळा दिसला नव्हता. आता एक आला. मग दुसरा. बघता बघता कुंपणाची भिंत काळी झाली. आवाज मात्र एकाचाही नाही.

समोरच्या दुकानातून मन्मथअप्पांनी डोकावून पाहिलं. टोपी काढली. शटर ओढलं. मग शेजारचं शटर पडलं, मग पलीकडचं. मला आनंदानं भरून आलं : न पुकारता बंद!

लोक अंगणात आले. चपला फाटकाबाहेर.

"घ्या की! आज फुकट हाय."

सगळे दोन पावलं मागं सरकले.

"अहो, काकांच्या नावानं एक तरी उचला!"

एक म्हातारा मटकन खालीच बसला. बायांनी काकूला मिठ्या घातल्या. काकू कावरीबावरी, "कोण गेलं ओ?" बायांचे हुंदके वाढले. मग तिची नजर सतीशच्या डोक्यावरून पत्रावळीवर गेली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे.

तेव्हा कुठं मला कळलं : काका गेले! मी मांडवात फोन लावला. वाजत राहिला. मन्मथअप्पा कानाशी कुजबुजले, "दिनू, मांडव रिकामा हाय. सगळे इकडंच आलेत. साहेबांची गाडीबी वेशीवरून माघारी गेली."

(पाच दिवस उपाशी माणसाचा दहावा कसा, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.) खरं सांगतो, आमचीच सुशी बघून आम्हालाच रडू फुटलं!

कावळा शिवेना. लोक माझ्याकडं बघू लागले. मेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवायची असते. मी हात जोडले, "काका, जिल्हा आणतो!" कावळे ढिम्म. "मुख्यालय उदगीरच!" ढिम्म. "सत्याचं लग्न लावतो!"

सगळ्या कावळ्यांनी एकदम माना वळवल्या. गल्लीकडं.

गल्लीतून काका येत होते. पांढरे कपडे, अंगभर पांढरी धूळ, गालांचे खड्डे. पावलांचा आवाज नाही. गर्दी आपोआप दुभंगली. काका पत्रावळीसमोर बसले, एक मुटका उचलला आणि तोंडात टाकला.

मेलेला माणूस स्वतःचा पिंड खात होता! आणि चावत होता!

"मांडवात एकटं बसून भ्या वाटाय लागलं रे," काका म्हणाले. दुसरा उचलला. "लई झ्याक लागून राहिलंय. कोण मेलंय?"

काकूनं पुढं होऊन त्यांचा दंड चाचपला, गरम लागला, आणि मग पाठीत असा धपाटा घातला की कावळे उडाले. काकांनी अकरा मुटके संपवले. (माशासकट करून दिलेले आणखी सहा वेगळे.) उरलेले माघारी आलेल्या कावळ्यांनी क्षणात साफ केले. दर्जाबद्दल तक्रार एकाचीही नाही!

काकूला माणूस माघारी मिळाला. कागद मात्र कधीच आला नाही. साहेबांच्या फायलीत शेरा पडला : 'उपोषणकर्ते मयत. विषय बंद.' आता काका कुठंही उपोषणाला बसले की शिपाई ओळखपत्राआधी हयातीचा दाखला मागतो.

तेव्हा वाचकहो, सरळ मागतो. जिल्ह्यासाठी आमच्या घरातला एक माणूस मरून झाला. आता तुमच्या घरातला एक द्या. मांडव तयार आहे.

सुशी मी पुरवतो.