शेजारची चाळण

हा लेख मी हौसेने लिहिलेला नाही. श्रीमती दीनाबाई खरात यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आमची ख्रिस्ती मंडळी गौरवग्रंथ काढत आहे. त्याचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. त्यात एका सद्गृहस्थांनी लिहिले होते की, प्रभुभोजनाची पोळी बाई स्वतः भाजतात, पण विनयामुळे ती घेत मात्र नाहीत. हे खरे नाही. विनयाने जेवण सोडणाऱ्यांपैकी बाई नव्हेत. संपादकांना तसे कळवले, तर ते म्हणाले, "मग खरे काय ते तुम्हीच लिहा." म्हणून लिहिते आहे. बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "गयाचं नाव घाला, पन तिचं वाईट लिहू नका. माझं लिहा."

हैदराबादेहून बी. ए. होऊन मी मंठ्याजवळच्या आमच्या या गावी मिशनच्या शाळेत शिकवायला आले, तेव्हा बाई मला उतरवून घ्यायला आल्या होत्या. माझी ट्रंक हलवून बघत त्यांनी विचारले, "भांडी हायेत का पुस्तकं?"

"पुस्तके."

"मंग तुमची तुम्ही उचला. भांडी असती तर चार घरांच्या कामाला आली असती." असे म्हणून ट्रंकेची दुसरी कडी धरून त्या चालूही लागल्या.

निवृत्त होईपर्यंत बाईंनी पहिलीचा वर्ग सोडला नाही. वरचा वर्ग देऊ केला, तर म्हणाल्या, "वरच्यांना कोनीबी शिकवील. इथं रडतंय कोन ते कळाया पायजे." मी विषमज्वराने पडले त्या वर्षी माझ्या उशाशी सकाळी बाई असत आणि दुपारनंतर त्यांच्या शेजारच्या गयाबाई. गयाबाईंचे घर बौद्ध. दोन्ही घरांत भिंत एकच. बाईंनी येशूचे गाणे सुरू केले की भिंतीपलीकडून आवाज येई, "दीना, सूर चुकून राह्यला बघ!" बाई मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणत.

जालन्याहून आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महिन्यातून एकदा येतात आणि त्या रविवारी प्रभुभोजन होते; येशूच्या आठवणीत सगळे एकाच पोळीचा तुकडा घेतात. पोळीसाठी सपीट काढायची बारीक जाळीची चाळण गयाबाईंकडे होती. आदल्या दिवशी बाई ती मागून आणत. चाळण परत जाताना रिकामी जात नसे.

मग तो मोठा दुष्काळ आला. आमच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी वाटायचे काम बाईंकडे होते. रांगेत येईल त्या माणसाला एकदाच, असा नियम होता. गयाबाई दुसऱ्यांदा रांगेत दिसल्या, तेव्हा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गया, शेजार म्हणून दोनदा मिळत न्हाई." गयाबाईंनी ताट खाली ठेवले आणि त्या निघून गेल्या. नवरा तापाने फणफणला होता, त्याला रांगेत येता येत नव्हते, हे बाईंना नंतर कळले. भाकरी घेऊन त्या धावत गेल्या. दार उघडले नाही. नवरा पुढे बरा झाला, पण गयाबाई बाईंशी बोलायच्या थांबल्या त्या थांबल्याच.

नियमाने बाईंचे चुकले नव्हते. त्या जागी मीही तेच केले असते. पण कोणाशी बिनसले असेल तर आधी समेट करावा, मग प्रभुभोजन घ्यावे, अशी आमच्यात शिकवण आहे. पुढच्या प्रभुभोजनाला पोळीचे ताट समोर आले, तेव्हा बाईंनी ते न घेता माझ्याकडे सरकवले. मंडळीचे पंच समजवायला आले.

"बाई, समेट भावाबहिणींत हवा. गयाबाई आपल्या मंडळीतल्या न्हाईत."

"शेजारीण तर हाय ना? शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलं, तवा आधी त्याचं देऊळ विचारा असं कुठं सांगितलंय?"

"मग आता काय जन्मभर उपाशी राहणार?"

"ती बोलली की जेवीन."

पंच उठले. बाईंनी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडले नाही.

तेव्हापासून दर महिन्याला बाई गयाबाईंच्या दारात उभ्या राहून म्हणतात, "गया, चाळण दे गं." उत्तर येत नाही. घरी येऊन त्या धुतलेल्या फडक्यातून पीठ गाळतात. मी एकदा वैतागून जालन्याहून नवी चाळण आणून दिली. बाईंनी ती शाळेला देऊन टाकली. "घरात चाळण असली, तर तिच्या दारात काय म्हनून जाऊ?"

उपासना संपली की बाई देवळाबाहेर मला गाठतात आणि हळूच विचारतात, "आज कशी झाल्ती?" मी सांगते, "खरपूस." इतक्यावर त्या घरी जातात. हा प्रश्न ऐकणे मला दरवेळी जड जाते. आपल्या हातची पोळी त्यांना आपल्या तोंडाने चाखायची आहे. दुसरी कसलीही इच्छा त्यांनी माझ्यापाशी कधी बोलून दाखवलेली नाही.

गेल्या महिन्यात आतून आवाज आला. गयाबाई सुनेला म्हणाल्या, "सांग तिला, चाळन फाटलीया." सून बाहेर आली आणि हसू दाबत म्हणाली, "आत्याबाई म्हन्त्यात, चाळन फाटलीया."

बाई पळत माझ्याकडे आल्या. मी म्हटले, "झाले तर! बोलल्या. उद्या पोळी घ्या." बाईंनी बराच विचार केला. "न्हाई. सुनेला बोलली. मला न्हाई." दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा माझ्याकडे सरकले. मात्र त्या दिवशी बाई गाणे फार मोठ्याने म्हणाल्या, आणि सूर चुकला.

गयाबाई बाईंहून थोरल्या आहेत आणि गुडघ्यांनी अधू झाल्या आहेत. म्हणून मी देवाकडे दोघींसाठी मागते: दोघींनाही निरोगी आणि लांब आयुष्य दे. एकीला देऊन भागणार नाही.

बाईंच्या मनगटात आता कणीक मळायचा जोर राहिलेला नाही. पोळीचे काम त्यांनी या महिन्यात माझ्यावर सोपवले. मिळालेल्या वस्तू अशा: पोळपाट, लाटणे, बिडाचा तवा, धुतलेली पांढरी फडकी. मंठ्याच्या बाजारातून आणलेला बारीक जाळीचा एक तुकडा बाईंनी स्वतःजवळ ठेवला आहे. तो गयाबाईंच्या हातात द्यायचा आहे. सुनेच्या नाही.