लाल ठिपक्यापुढचं कारण

हे मी कोणापाशीच बोललो नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, खोलीतल्या सोबत्याजवळ नाही, गावी आईजवळ तर नाहीच. तुम्ही माझे कोण? — म्हणूनच बहुतेक जमेल.

नववीतून शाळा सोडून यवतमाळकडून रायपूरला आलो. इथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या मॅडमनी गाडी चालवायला ठेवलं. उपग्रहाला जंगलात आग दिसली की त्यांच्या संगणकावर लाल ठिपका उमटतो. तिथं जायचं, आग कशानं लागली ते पाहायचं. उन्हाळे तापून राहिले, आगी वाढून राहिल्या — त्याचा त्या अभ्यास करतात. नकाशा वाचायलाही मला त्यांनीच शिकवलं. एवढं कोण करते?

त्या चैत्रात, अभनपूर गावाच्या बरंच पुढं, मॅडम जंगलात आत गेल्या होत्या. मी गाडीपाशी, पाचोळ्यातच, तीन दगडांवर चहा मांडला. जवळ तिथल्याच गावची सुखमतीबाई मोहफुलं वेचत होती. पाणी तिनंच दिलं — “पी ले बेटा. घर दूरिहा हे का?” घर लांब आहे का, म्हणून विचारलं. मॅडमची हाक आली, तशी मी चुलीवर पायानं माती लोटली. विझली का? — पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिथंच ठिपका.

वरून सारं दिसते, तर मी दिसलो नसेन काय? भीतभीत विचारलं, “मॅडम, यात माणूस ओळखू येते?”

त्या हसल्या. “अरे भैया, माणूस काय, आपली गाडीसुद्धा नाही दिसत. नुसती उष्णता.”

जीव भांड्यात पडला. आणि त्याच दमात — हो, त्याच दमात — मी म्हणालो, “ती बाई होती ना तिथं. फुलं दिसावी म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात हे लोक.”

काही जण पेटवतातही. म्हणून तर मॅडमना पटलं. ठिपक्यापुढं तेच कारण लिहिलं गेलं, वनखात्याला कळवलं गेलं. पुढच्या खेपेला वनरक्षकानं माझ्यादेखत सुखमतीबाईची टोपली उपडी केली, तिला त्या झाडांखालून हाकललं. मी गाडीची काच वर करून बसलो.

तेव्हापासून माझा कशावरच भरवसा नाही. नकाशावरचे बाकीचे ठिपके — त्यांचं कारणही माझ्यासारख्याच कोणी सांगितलं असेल? मॅडम दिवाळीला कपडे देतात, मी त्यांच्या तोंडाकडे पाहतो. माहीत असेल? मग इतक्या चांगल्या काहून वागतात?

अन् एक राहिलं. पाणी घेऊन आली तेव्हा बाईच्या काखेत खराटा होता. मोहाखालची जमीन तिनं अंगणासारखी झाडून ठेवली होती. जाळायला एक पान नव्हतं. चुलीपासून उठून, त्या झाडलेल्या जागेवर बसूनच मी चहा प्यालो होतो.