सुकटीचा वास

आमचे हे अंड्यालाही न शिवणारे, आणि शौक कसला, तर मासे पकडायचा. देवनहळ्ळीच्या पुढे एका शेतात तळं आहे, त्यात जिताडे सोडलेत. रविवारी पहाटे तिथं जायचं, जिताडा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मी अलिबागकडची, जिताड्याच्या कालवणावर वाढलेली. फोटो बघून माझा जीव जळायचा. "एक तरी घरी आणा की," म्हटलं, तर म्हणायचे, "अगं, आपल्या घरात?"

गळाला खरं आमिष ते लावत नसत. रबराची मासोळी लावायचे आणि तिला वासाचं तेल चोळायचे. ते तेल बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तयार व्हायचं. लसूण, बडीशेप आणि कुटलेली सुकट तेलात मुरवायची. सुकट चांगली की खवट, हे त्यांना काय डोंबल कळणार! बाटली माझ्या नाकाखाली धरून विचारायचे, "जमलंय का बघ."

"एवढ्याशा वासानं मासा येतो होय?" मी एकदा विचारलं.

"येतो तो मासोळी हलते म्हणून. तोंडात घेतल्यावर रबर आहे हे त्याला लगेच कळतं. वास असला तर थुंकायला जरा उशीर करतो, तेवढ्यात आपण ओढायचं."

घरी आले की बेसिनवर हात धुऊन माझ्यापुढे धरायचे. त्या वासाला त्यांचं नाक इतकं सरावलं होतं की वास गेला की नाही, हे त्यांना कळायचंच नाही. मी हुंगून निकाल द्यायची. "नापास. पुन्हा धुवा." मग लिंबू, बेसन, परत साबण. कधी कधी वास पार गेलेला असायचा, तरी मी नापास करायची. ओले हात पुढे करून गरीब चेहऱ्यानं उभे राहिलेले ते मला फार आवडायचे.

मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मी रडले नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, गॅसवरचं नाव बदललं, आणि मी आपली वेळेवर जेवत होते. बहीण पुण्याहून फोन करायची. जेवलीस का विचारावं तसं विचारायची, "रडलीस का?" रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुःखही होत नव्हतं. दात काढल्यावर हिरडी बधिर असते, तसं सगळं होतं. आता आपण कायमच्या अशाच राहणार की काय, एवढीच भीती वाटायची.

उन्हाळ्यात त्यांच्या ऑफिसातला मित्र त्यांचा गळाचा रॉड न्यायला आला. त्याच्या घराण्याच्या तीन पिढ्या इथल्याच, त्यामुळे मराठीत कन्नड शब्द मिसळायचा. मी म्हटलं, "न्या खुशाल, पण आधी मला एकदा तळ्यावर घेऊन चला." त्यांनी केलेली शेवटची बाटली अर्धी उरली होती, ती पिशवीत टाकली.

तळ्याकाठी मी रबराच्या मासोळीला तेल चोळायला लागले.

"वहिनी, स्वल्प कमी," मित्र म्हणाला. "मासा पळून जाईल."

मी ऐकलं नाही. गळ आधी गवतात अडकला, मग माझ्याच ओढणीत. मित्रानं सोडवून दिला, आणि पुढच्या खेपेला जिताडा लागला. चांगला हातभर होता. मित्रानं जाळीत घेतला आणि म्हणाला, "सोडायचा? की घरी नेणार?"

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळत होता, तो समोर तडफडत होता. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. पण तोंडाला पाणी सुटलं नाही. काहीच झालं नाही. "सोडा," मी म्हटलं.

घरी आले. बेसिनवर साबण लावून हात धुतले, लिंबू चोळलं, परत धुतले. आणि ओले हात पुढे धरून हॉलकडे वळले. कशी वळले कुणास ठाऊक. हॉलमध्ये कोण असणार?

मग मीच हात नाकाशी नेले. वास गेला होता, पार गेला होता.

"नापास," मी मोठ्यानं म्हटलं.

पुढचं 'पुन्हा धुवा' तोंडातून निघेना. मी तिथंच खाली बसले आणि रडले, पोटभर रडले. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, तेव्हा मी परत हात धूत होते.