मागे राहिलेल्या गाद्या

परीक्षा संपल्या की आमचं कर्वेनगरचं मुलींचं होस्टेल बघता बघता रिकामं व्हायचं. मुली गावी जायच्या आणि खोल्यांत गाद्या, बादल्या, मच्छरदाण्या तशाच राहायच्या. एसटीच्या डिकीत गादी कोण कोंबणार? मी तिथली रेक्टर. दर उन्हाळ्यात ते सगळं टेम्पोत भरून कचऱ्यात जाताना बघायची आणि चिडायची.

मग आमच्या विद्यापीठानं वारज्यातल्या बायकांच्या एका संस्थेशी सामंजस्य करार केला. शाश्वत विकास, समाजाभिमुख शिक्षण असे भारदस्त शब्द त्यात होते. शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले, आणि पुढे नेमकं काय करायचं ते कोणालाच सुचेना. संस्थेच्या ताई मात्र फोटोपुरत्या आलेल्या नव्हत्या. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी वस्तीत शिवणाचा वर्ग काढला होता. त्या सरळ होस्टेलवर आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे काय आहे ते तरी दाखवा."

मी त्यांना अडगळीच्या खोलीत नेलं. गाद्यांची थप्पी छताला टेकली होती. मी मोठ्या मनानं म्हटलं, "हे सगळं घेऊन जा. वस्तीत वाटून टाका."

"वाटायचं नाही," ताई म्हणाल्या. "फुकट गादीसाठी आमच्या बायका रांग लावणार नाहीत. आम्ही दुरुस्त करू आणि तुमच्याच मुलींना विकू."

"आमच्या मुली जुनं घेतील?"

"मे महिन्यात टाकतात तेच जूनमध्ये बाजारातून पैसे मोजून आणतात की नाही?"

मला हसू आलं. इतकी वर्षं तेच डोळ्यांदेखत चाललं होतं.

अडचण आली ती कार्यालयात. कुलसचिव करार पुढ्यात घेऊन बसले. "अहो मॅडम, यात सेवा लिहिलंय. विक्री कुठे आहे?"

"सेवा म्हणजे फुकटच, असं तरी कुठे लिहिलंय, सर? बायका मेहनत करणार, मुलींना स्वस्तात वस्तू मिळणार, कचरा कमी होणार. करारातलं आणखी काय राहिलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रवेशाच्या दिवशी मांडा टेबल. तक्रार आली तर बंद करीन."

तक्रार येणार नाही याची मला खात्री होती. उन्हाळाभर बायका होस्टेलच्या मागच्या अंगणात काम करत राहिल्या. बादल्या घासल्या, मच्छरदाण्या धुऊन शिवल्या, गाद्यांना नव्या खोळी घातल्या. त्यांच्यातली एक पिंजाऱ्यांच्या घरातली. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजण्याचं काम. तिनं घरच्या यंत्रावर सगळ्या गाद्यांचा कापूस पिंजून आणला. सुट्टीत गावी न गेलेल्या दोन विद्यार्थिनी आधी नुसत्या बघत उभ्या असायच्या, मग त्यांनीही सुया हातात घेतल्या. "मॅम, धिस इज सो रिलॅक्सिंग," त्यातली एक म्हणाली. शिवणारी बाई म्हणाली, "रोज कर, मग सांग."

प्रवेशाच्या दिवशी आम्ही फाटकाजवळ टेबलं मांडली. पालक यायचे, बघायचे, पुढे जायचे. दुपार झाली तरी चार-दोन बादल्यांपलीकडे काही हललं नव्हतं. ताई शांत होत्या. मी मात्र त्याच बादल्या पुन्हा पुन्हा पुसून मांडत होते.

मग अमरावतीहून आलेले एक वडील मुलीला घेऊन थांबले. "जुनी गादी? छे! माझी पोरगी दुसऱ्याच्या गादीवर झोपणार नाही."

पिंजाऱ्यांची सून उठली. तिनं एका गादीची कडेची शिवण उसवली. "भाऊ, हात घाला आत. बाजारातला दुकानदार एवढं दाखवतो का बघा."

वडिलांनी जरा संकोचत हात घातला, कापूस चिमटीत धरून बघितला. त्यांच्या मागे तोवर आणखी दोन-तीन पालक येऊन उभे राहिले होते. "मऊ आहे हो," ते म्हणाले. मुलगी तर आधीच दुसऱ्या गादीवर बसून बघत होती. "बाबा, ही निळी घेऊ?"

तिथून पुढे आम्हाला बसायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळी टेबलांवर उरल्या त्या फक्त कान तुटलेल्या दोन बादल्या. कुलसचिव घरी जाताना फाटकापाशी थांबले. "सगळं गेलं?" म्हणाले. आवाजात थोडी निराशाच होती, कारण त्यांना भाच्यासाठी एक गादी हवी होती.

आता सायकल स्टँडशेजारी संस्थेचं कायमचं दुकान आहे. जाणाऱ्या मुली गाद्या स्वतः आणून देतात, आणि समाजकार्य विभागाचे विद्यार्थी तिथे पाळीनं काम करतात. ते शिकतात की नाही ते परीक्षकांनी ठरवावं. बायकांच्या हाताला काम आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

मागच्या वर्षी विश्रांतवाडीच्या एका मुलांच्या होस्टेलनं ताईंना बोलावलं. त्या बघून परत आल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "घेतलं काम. पण मुलांच्या बादल्या घासायचा दर वेगळा राहील."